मालमोटारीचे नाक



रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या मालमोटारी न्याहाळण्याची हौस लहान मुलांना असते. मोठ्या माणसांच्या लेखी मालमोटार म्हणजे पुढे जाऊ न देणारी, धूर सोडणारी आणि पाठीवर एखादे उपदेशपर वाक्य मिरवणारी एक अडचण. मुले मात्र एक भेद अचूक टिपतात. काही मालमोटारींना नाक असते आणि काहींना नसते. काहींचे यंत्र पुढे लांबलचक बॉनेटखाली असून चालक त्याच्या मागे बसतो. काहींचे तोंड भिंतीसारखे सपाट असून चालक थेट काचेला खेटून बसलेला दिसतो. हा भेद केवळ कारखानदाराच्या आवडीनिवडीचा असेल, असे आपण समजतो. वास्तविक या तीन-चार फुटांच्या नाकावरून गेली पाऊणशे वर्षे कायदे, कारखाने, मालधनी आणि चालक यांच्यामध्ये मोठी ओढाताण चाललेली आहे. तिच्यातून मालमोटारीच्या केबिनचे काही चमत्कारिक नमुने जन्माला आले. त्या नमुन्यांचा आणि त्यांच्यापायी कोणाला काय मिळाले व कोणाला काय सोसावे लागले याचा आज आपण थोडा हिशेब मांडू.

आपल्या बैलगाडीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. बैल पुढे, त्यांच्यामागे गाडीवान आणि त्याच्या पाठीशी माल, हा क्रम हजारो वर्षांचा. मोटार आली तेव्हा बैलांच्या जागी यंत्र आले, पण क्रम तोच राहिला. नाकाची मालमोटार ही या जुन्या क्रमाची वारस आहे आणि तिचे गुणही उघड आहेत. यंत्राची उष्णता आणि घरघर चालकापासून दूर राहते. त्याची बैठक पुढच्या चाकांच्या मागे येत असल्यामुळे खड्ड्याचा धक्का त्याला थेट बसत नाही. बॉनेट उचलले की मेस्त्रीचा हात सर्व भागांपर्यंत पोहोचतो. समोरून टक्कर झालीच, तर चालकाचे पाय आणि आघात यांच्यामध्ये निदान काही फुटांचे लोखंड असते. दोष दोन आहेत. पहिला असा, की नाकाच्या पुढ्यात उभे असलेले मूल चालकाला दिसत नाही. दुसरा असा, की नाक जागा अडवते. त्यांपैकी पहिल्या दोषाची फारशी चर्चा झाली नाही. दुसऱ्याने मात्र इतिहास घडवला, कारण त्याचा संबंध पैशाशी होता.

रस्त्यावरील वाहन किती लांब असावे, याला सरकार मर्यादा घालते. ही मर्यादा जर पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत मोजली, तर साधा त्रैराशिकाचा प्रश्न उभा राहतो. एकूण लांबी ठरलेली, म्हणजे केबिन जितकी लांब तितका माल कमी. मग मालधनी कारखानदाराला म्हणतो, 'नाक काप.' कारखानदार यंत्रावरच चालकाला बसवतो आणि सपाट तोंडाची गाडी तयार होते. अमेरिकेत निरनिराळ्या राज्यांनी आपापल्या लांबीच्या मर्यादा घातल्या होत्या. त्या काळी तेथे अशा गाड्यांचे पीकच आले. जनरल मोटर्सने १९५९ साली काढलेल्या एका गाडीची केबिन पुढून मागे मोजली तर अवघी चार फुटांच्या आसपास भरे. तिथल्या चालकांनी तिचे नाव ठेवले 'क्रॅकरबॉक्स', म्हणजे बिस्किटांचा डबा. नाव विनोदी खरे, पण त्या डब्यात आयुष्यातील दिवसच्या दिवस काढणाऱ्याने ते ठेवलेले आहे, हे विसरता कामा नये.

जर्मनीतील उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथील वाहतूकमंत्री हान्स-क्रिस्टोफ झेबोम यांच्या नियमांनुसार १९५८ पासून मालमोटार आणि तिच्या मागची जोडगाडी मिळून लांबी १४ मीटर आणि वजन २४ टन, याहून अधिक असता कामा नये असे ठरले. कारखानदारांची एकच तारांबळ उडाली. मर्सिडीज-बेंझने त्या वर्षी एलपी ३३३ नावाची गाडी काढली. तिचे तोंड सपाट होते आणि पुढे वळणाऱ्या चाकांच्या एका जोडीऐवजी दोन जोड्या होत्या. लोकांनी तिला 'गोम' म्हटले. नियम पुढे लवकरच सैल झाले आणि १९६१ पर्यंत ही गोम कारखान्यातून नाहीशी झाली. एखाद्या यंत्राचा चेहरा अभियंत्यापेक्षा कायद्याच्या मोजपट्टीने अधिक घडवावा, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

नाक कापले, लांबी वाचली, मालाला जागा झाली. किंमत कोणी दिली? पहिला हप्ता चालकाने दिला. यंत्र त्याच्या मांडीखाली आले. तापलेल्या यंत्राची धग, आवाज आणि कंप हे त्याचे सोबती झाले. त्याची बैठक पुढच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही पुढे गेल्यामुळे प्रत्येक खड्डा त्याच्या कण्यात पोहोचू लागला. टक्कर झाली तर पुढ्यात पत्रा आणि काच, एवढेच. दुसरा हप्ता मेस्त्रीने दिला. यंत्र केबिनच्या पोटात गेल्यावर ते दुरुस्त कसे करायचे? यावर अमेरिकेतील क्लीव्हलंडच्या व्हाइट कंपनीने १९४९ साली आपल्या 'व्हाइट ३०००' या गाडीत उत्तर दिले. संपूर्ण केबिनच यंत्रशक्तीने पुढे कलंडायची. ही युक्ती पुढे जगभर मान्य झाली आणि आज सपाट तोंडाची जवळजवळ प्रत्येक मोठी मालमोटार अशी वाकून नमस्कार करते. पण तिच्यातही देवघेव आहेच. सुकाणू आणि गिअर यांच्या दांड्यांना मध्येच सांधे द्यावे लागतात, केबिन धरून ठेवणारी खिटी कधीही दगा देऊन चालत नाही, आणि साधे तेल तपासायचे तरी चालकाच्या संसारातील तांब्या, डबा, चपला पुढच्या काचेवर येऊन आदळू नयेत म्हणून सारे आधी आवरून ठेवावे लागते.

मग १९८२ साली अमेरिकेत एक गंमत झाली. नव्या केंद्रीय कायद्याने प्रमुख महामार्गांवर वाहनाची एकूण लांबी मोजण्याचे राज्यांचे अधिकार काढून घेतले. यापुढे मोजायची ती फक्त मागच्या मालगाडीची लांबी, आणि तिला निदान ४८ फूट तरी मोकळीक द्यायची. ओढणारी गाडी केवढी असावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न झाला. परिणाम काय झाला? काही वर्षांत अमेरिकन मालमोटारींना पुन्हा नाक फुटले. फ्रेटलायनर कंपनीने १९९८ साली 'आर्गोसी' नावाची सपाट तोंडाची नवी गाडी काढून पाहिली. दार उघडताच तिच्या पायऱ्या जिन्यासारख्या बाहेर येत, म्हणजे चालकाला शिडी चढल्यासारखे चढावे लागू नये. एवढे आर्जव करूनही २००६ साली ती तेथील बाजारातून मागे घ्यावी लागली. कापलेले नाक चालकांना आवडत होते म्हणून टिकले होते, असा जर कोणाचा समज असेल, तर तो या एका कायद्याने पुसून टाकला. मोजपट्टी हलली आणि चालक यंत्रावरून खाली उतरला.

पुढे किंवा वर, एवढ्याच दोन जागा चालकाला आहेत असे मात्र नाही. अभियंत्यांनी त्याला बाजूला, खाली आणि मधोमधही बसवून पाहिले आहे. बाजूला बसवण्याची तऱ्हा आपल्याला अपरिचित नाही. मुंबईच्या जुन्या दुमजली बसमध्ये चालक यंत्राच्या शेजारी एका अर्ध्या खोपटात एकटा बसलेला असे. अमेरिकेतील केनवर्थ कंपनीने १९५० नंतरच्या दशकात मालमोटारीलाही अशीच अरुंद केबिन देऊन पाहिली. चालकाच्या बाजूची चाके आणि रस्ता त्याला उत्तम दिसे, वजन वाचे. पण पलीकडच्या बाजूला यंत्राचा डोंगर आणि सोबत्याला जागेची चणचण. लांबच्या रस्त्यावर ही तऱ्हा रुजली नाही. जेथे एकच माणूस, थोडे अंतर आणि सारखी ये-जा असते तेथे मात्र ती आजही सुखाने नांदते आहे. बंदराच्या आवारात मालपेट्यांच्या गाड्या ओढणाऱ्या छोट्या गाड्या पाहा. त्यांची केबिन एका माणसापुरती, एका कडेला आणि मागच्या बाजूला दार असलेली असते. चालक मागच्या मागे बाहेर पडून ब्रेकच्या हवेची नळी जोडतो आणि पुन्हा आत शिरतो. दिवसातून कित्येक वेळा जमिनीवर उतरण्याचे श्रम त्या एका दाराने वाचतात. खाणींतील प्रचंड डंपरांचीही केबिन एका कडेला असते. चमत्कारिक दिसणारी वस्तू योग्य जागी ठेवली की ती शहाणी ठरते, याचा हा दाखला होय.

खाली बसवण्याचा प्रयोग सर्वांत धाडसी होता. अमेरिकेतील स्ट्रिक कंपनीने १९७० नंतरच्या दशकात आणि जर्मनीच्या मान्फ्रेड स्टाइनविन्टर यांनी १९८३ साली असा विचार केला, की चालकाला मालाच्या पुढे बसवायचे तरी कशाला? त्याला मालाच्या खालीच सरकवू. स्टाइनविन्टर यांची 'सुपरकार्गो' ही गाडी उंचीला माणसाच्या छातीइतकी होती. ती संपूर्णपणे मालगाडीच्या तळाशी शिरे आणि चालक सर्वांत पुढे, रस्त्यालगत, डोक्यावर टनावारी माल घेऊन बसे. हिशेबाच्या दृष्टीने हा परमोच्च बिंदू होता, कारण कायद्याने दिलेली सगळीच्या सगळी लांबी मालाला मिळाली. पण पुढची रहदारी उंचावरून दिसण्याचा जो फायदा मालमोटारीच्या चालकाला असतो तो गेला. टक्कर झाली तर पुढे आघात आणि वर ओझे. चाकांच्या उसळीला व यंत्राला जागा अपुरी. दोन्ही प्रयोग पाहणाऱ्यांना चकित करून गेले आणि दोन्ही बाजारात रुजले नाहीत. मालाची जागा वाढवण्याच्या नादात माणसाची जागा किती आक्रसता येते, याची सीमा मात्र त्यांनी दाखवून दिली.

याच्या नेमके उलट टोक फ्रान्समधील रेनो कंपनीने १९९० साली गाठले. तिच्या 'मॅग्नम' गाडीची केबिन यंत्रापासून वेगळी काढून इतकी उंच बसवली होती, की आतली जमीन घरातल्यासारखी सपाट झाली. यंत्राचा उंचवटा मध्ये नाही आणि उभे राहून कपडे बदलता येतात, अशी ही खोली लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांना फार मानवली. १९९१ साली युरोपात तिला वर्षातील सर्वोत्तम मालमोटारीचा मान मिळाला आणि २०१३ पर्यंत ती बनत राहिली. पण जो चालक आठवड्यातून दोनदा उतरतो त्याला हा उंच मनोरा ठीक. दिवसातून चाळीस वेळा उतरून सिलिंडर किंवा पोती पोहोचवणाऱ्याला तो गुडघ्यांचे दुखणे देईल.

आणि उंचीचा सर्वांत मोठा भुर्दंड तर रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाला भरावा लागतो. उंचावर बसलेल्या चालकाला दूरचा डोंगर दिसतो, पण दाराशी येऊन थांबलेला सायकलस्वार दिसत नाही. लंडनमध्ये रहदारीतील अवजड मालमोटारींचा वाटा थोडा असूनही सायकलस्वारांच्या मृत्यूंमध्ये त्यांचा वाटा फार मोठा असल्याचे आढळून आले. तेव्हा त्या शहराने मालमोटारींना एका वेगळ्याच कसोटीला लावले. चालकाला आरसे किंवा कॅमेरे यांच्या मदतीवाचून, केवळ स्वतःच्या डोळ्यांनी किती दिसते, यावरून प्रत्येक गाडीला शून्य ते पाच तारे द्यायचे ठरले. १२ टनांहून मोठ्या गाड्यांना ही अट १ मार्च २०२१ पासून लागू झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून ती अधिक कडक करण्यात आली. मर्सिडीजची १९९८ पासूनची 'एकोनिक' किंवा कचरा गोळा करणाऱ्या तत्सम गाड्या पूर्वी बेढब वाटत. त्यांची केबिन जमिनीलगत, काचा खालपर्यंत, आत शिरायला बसप्रमाणे एखादी पायरी. त्या आता शहराला आदर्श वाटू लागल्या. त्यांची उणीव अशी, की खाली आलेली केबिन यंत्राला मागे ढकलते, किंमत वाढते आणि खडबडीत रस्त्यावर पोट घासते. पण पादचाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येणे, ही गोष्ट किमतीच्या रकान्यात कोठे लिहायची?

अलीकडचा नमुना म्हणजे अमेरिकेतील टेस्ला कंपनीची विजेवर चालणारी मालमोटार. २०१७ साली ती दाखवली गेली आणि २०२२ च्या डिसेंबरात पहिल्या गाड्या ग्राहकाला मिळाल्या. तिच्यात चालक अगदी मधोमध बसतो. पुढे यंत्र नसल्यामुळे तोंड निमुळते करता येते आणि हवेचा अवरोध कमी होतो. वेग दुप्पट झाला की हवेचा अवरोध चौपट होतो, त्यामुळे महामार्गावर ही बचत लहानसहान नसते. पण मधोमध बसलेला माणूस खिडकीशी नसतो. नाक्यावर कागद दाखवायचा, फाटकावरच्या पहारेकऱ्याशी बोलायचे, मागे घेताना मान बाहेर काढून पाहायचे, ही सारी कामे चालक पिढ्यान्‌पिढ्या कोपर खिडकीवर टेकून करीत आला आहे. ज्या नकाशावर फक्त वारा काढलेला असतो त्यावर ते कोपर दिसत नाही.

आता आपल्या घराकडे वळू. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून जमशेदपूरला ज्या मालमोटारी बनवल्या त्या गोल नाकाच्या होत्या. जुन्या माणसांच्या डोळ्यांसमोर मालमोटार म्हटले की तीच उभी राहते. पुढे आपण एक मधली वाट काढली. नाक अर्धे बाहेर आणि अर्धे केबिनच्या आत, अशी ती अर्धनाकी गाडी. १९८० नंतरच्या दशकात जपानी सहकार्याने सपाट तोंडाच्या लहान मालमोटारी आपल्याकडे आल्या. इंदूरजवळच्या पीथमपूरला आयशर-मित्सुबिशी आणि हैदराबादेकडे ऑल्विन-निसान ही नावे आपल्यापैकी अनेकांना आठवतील. त्यांच्याशी सामना देण्यासाठी १९८६ साली टाटांनी जी ४०७ काढली तिला आखूड का होईना, पण नाक होते, आणि ती गाडी आजही रस्त्यावर दिसते.

परंतु आपले खरे वैशिष्ट्य नाकात नव्हते. आपल्याकडे कारखाना कित्येकदा केबिन देतच नसे. चाके, सांगाडा, यंत्र आणि पुढचा पत्रा एवढेच विकले जाई. उघड्या सांगाड्यावर फळी टाकून, डोक्याला फडके आणि डोळ्यांना चष्मा बांधून माणसे ती गाडी शेकडो मैल हाकत नेत. मग एखादा सुतार आणि एखादा लोहार मिळून लाकडाची व पत्र्याची केबिन उभी करीत. तिच्यात मालधन्याच्या ऐपतीप्रमाणे फळी रुंद होई, क्लीनरला पाय पसरता येत, देवाच्या तसबिरीला कोनाडा मिळे, आणि मोडली तर कोणत्याही गावी दुरुस्त होई. हे तिचे गुण नाकारता येणार नाहीत. पण तिची टकरीची परीक्षा कोणी घेतली नव्हती. आत यंत्राची धग, वर तापलेला पत्रा, आणि उन्हाळ्यात त्या भट्टीत बारा-चौदा तास बसलेला माणूस. बेळगावाहून गोव्याकडे चोर्ला किंवा अनमोड घाटाने उतरणाऱ्या सपाट तोंडाच्या गाडीत, तीव्र वळणावर चालकाची बैठक पुढच्या चाकांच्याही पुढे असल्यामुळे तो क्षणभर दरीवर तरंगतो. त्या क्षणी त्याचे डोके थंड असावे, एवढी अपेक्षा तरी आपण करावी की नाही? मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन असलेच पाहिजे, असा नियम आपल्या देशात अमलात यायला २०२५ चा जून महिना उजाडावा लागला. भाज्या आणि औषधे थंड ठेवायची सोय मात्र मागच्या पेटीत कितीतरी आधी झाली होती.

या सर्व कथेतून मला एक गोष्ट सुचवायची आहे. केबिनचा प्रत्येक नमुना ही एक वाटणी असते. माल, इंधन, चालकाचे शरीर आणि रस्त्यावरचा अनोळखी माणूस, असे चार वाटेकरी. पहिल्या दोघांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ असतात, कारण त्यांचा नफा महिन्याच्या महिन्याला मोजता येतो. तिसऱ्याची पाठदुखी वीस वर्षांनी बोलते आणि चौथा बोलायला उरतोच असे नाही. म्हणून त्या दोघांची वकिली कायद्याने करावयाची असते. ती करता येते, याचा पुरावा युरोपने दिलेला आहे. २०१५ साली तेथे असा निर्णय झाला, की केबिन ठरलेल्या लांबीहून अधिक लांब केली तरी चालेल. मात्र ती जास्तीची जागा सुरक्षितता, चालकाची सोय आणि हवेशी सलगी यांसाठीच वापरावी. तिच्यापायी मालाची जागा एका बोटानेही वाढता कामा नये. या सवलतीचा लाभ घेणारी पहिली गाडी नेदरलंड्समधील डाफ कंपनीने २०२१ साली बाजारात आणली. तिचे तोंड किंचित पुढे आणि गोलसर आहे. पाहणाऱ्याला त्यात विशेष काही दिसणार नाही. पण तो गोलवा मालाच्या हिशेबातून सोडवून आणलेला आहे.

स्वीडनमधील आइनराइड कंपनीने तर केबिनच नसलेली मालमोटार २०१९ साली सार्वजनिक रस्त्यावर चालवून दाखवली. दूरवर बसलेला माणूस तिच्यावर नजर ठेवतो. केबिनच गेली म्हणजे वाटणीचा तंटा मिटला, असे कोणी म्हणेल. माझ्या मते फक्त एक वाटेकरी खोलीबाहेर गेला. रस्ता ओलांडणारा चौथा अजून तेथेच उभा आहे. आणि आपल्या घाटांतून, आपल्या गावांतून अजून पुष्कळ वर्षे माणसेच मालमोटारी हाकणार आहेत. तेव्हा रात्री-अपरात्री आपल्या दारावरून एखादी मालमोटार घरघरत गेली, तर तिच्या पाठीवरचे वाक्य वाचून हसण्याबरोबर एकदा तिच्या तोंडाकडेही पाहावे. आपल्या घरातील साखरेच्या आणि सिमेंटच्या प्रत्येक पोत्यासाठी आतल्या माणसाने किती फूट जागा सोडून दिली आहे, ते तेथे लिहिलेले असते.